मृगाचा किडा आणि पहिला जीव

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या बांधावर लाल मखमलीचे बारीक ठिपके चालताना दिसतात. आपण त्यांना मृगाचे किडे म्हणतो. पोरे ते काडेपेटीत घालून शाळेत आणतात. फार वर्षांपूर्वी असाच एक मुलगा काडेपेटी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हे किडे काल नव्हते. मातीत पाणी पडले म्हणजे किडे होतात का?"

मी म्हटले, "नाही रे बाबा. ते जमिनीखाली होतेच. ओल मिळाली म्हणून वर आले."

"मग ते जमिनीखाली कुठून आले?"

"त्यांच्या आईबापांपासून."

"आणि आईबाप?"

"त्यांच्या आईबापांपासून."

पोरगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग सगळ्यांत पहिला कुठून आला?"

"पुढच्या वर्गात गेलास की कळेल," असे सांगून मी त्याला वाटेला लावले. हे उत्तर आपण बहुतेक शिक्षकांनी कधी ना कधी दिलेले आहे. देताना आपल्याला मनातून ठाऊक असते, की पुढच्या वर्गातही ते सापडणार नाही. आज त्या मुलाच्या प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढे ठेवावा असा विचार आहे. उत्तर पुरते मिळाले आहे असे मी म्हणणार नाही. पण माणसाने हा प्रश्न कसकसा विचारला, कुठे चुकला आणि आज कुठवर आला, हे सांगता येण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट ही, की त्या मुलाला जे वाटले तेच हजारो वर्षे जगातल्या मोठमोठ्या विद्वानांना वाटत होते. आपल्या ऐतरेय उपनिषदात प्राण्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. अंड्यातून होणारे अंडज, वारेतून होणारे जरायुज, जमीन फोडून उगवणारे उद्भिज्ज आणि घामातून, उबेतून होणारे स्वेदज. उवा, डास, ढेकूण हे स्वेदज मानले जात. शेणातून विंचू होतात, ही समजूत तर खेड्यात आजही ऐकू येते. ब्रह्मसूत्रांवरील आपल्या भाष्यात शंकराचार्यांनी अचेतन शेणातून सचेतन विंचू होतो हा दाखला दिलेला आहे. म्हणजे त्या काळी ही सर्वांना मान्य असलेली गोष्ट होती.

चार्वाकमताचे लोक त्याहून पुढे गेले होते. त्यांचे स्वतःचे ग्रंथ आज राहिलेले नाहीत, पण त्यांचे खंडन करणाऱ्यांनी त्यांचे म्हणणे नोंदवून ठेवले आहे. पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही चार भुते ठराविक रीतीने एकत्र आली की त्यांतून चैतन्य निर्माण होते, असे ते म्हणत. दृष्टान्त देत तो मद्याचा. किण्व आणि इतर जिनसा वेगवेगळ्या असताना त्यांत नशा नसते. एकत्र आंबल्या की नशा येते. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडच्या माणसाला हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगायला नको. मोहाची फुले टोपलीत असतात तेव्हा नशा नसते, मडक्यात आंबली की नशा तयार होते. चार्वाकांचा हा विचार धीट होता खरा; पण तो तपासून कसा पाहायचा, याची युक्ती त्यांच्यापाशी नव्हती.

युरोपातही हीच स्थिती होती. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट नावाच्या विद्वानाने उंदीर तयार करण्याची कृतीच लिहून ठेवली. भांड्यात गहू घाला, वर घामट सदरा कोंबा, एकवीस दिवसांनी उंदीर तयार! उंदीर गव्हाच्या वासाने बाहेरून आले असतील, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

तपासून पाहण्याची युक्ती प्रथम काढली ती इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी या वैद्याने, इ. स. १६६८ मध्ये. त्याने मांसाचे तुकडे भांड्यांत ठेवले. काही भांडी उघडी, काही जाळीदार कापडाने झाकलेली. उघड्या मांसात अळ्या पडल्या, झाकलेल्यात पडल्या नाहीत. माश्या कापडावर बसून तिथेच अंडी घालून गेल्या. म्हणजे अळ्या मांसातून होत नव्हत्या, माशीपासून होत होत्या.

तरीही सूक्ष्म जंतूंचा प्रश्न उरलाच. रस्सा उकळून ठेवला तरी दोन दिवसांनी त्यात जंतू दिसत. ते आपोआप होतात, असे लोक म्हणू लागले. हा वाद मिटवला फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी, १८६० नंतरच्या दोन-चार वर्षांत. त्यांनी चंबूत रस्सा भरून चंबूची मान तापवून बगळ्याच्या मानेसारखी वाकवली आणि मग रस्सा उकळला. हवा आत जाण्याची वाट मोकळीच होती, पण हवेतली धूळ त्या वाकणात अडकून राही. रस्सा महिनोन्‌महिने स्वच्छ राहिला. मान मोडली, की दोन-चार दिवसांत नासला. जंतू हवेतल्या धुळीबरोबर येत होते.

या एका प्रयोगातून आपल्याला काय मिळाले, ते पाहा. रोगाचे जंतू आपोआप उपजत नाहीत, ते कुठून तरी येतात. आणि येतात तर त्यांना अडवता येते. डॉक्टर शस्त्रे उकळतात, आपण पिण्याचे पाणी झाकून ठेवतो, पटकीच्या दिवसांत विहिरीत औषध टाकतो, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. जीव जीवापासूनच होतो, हे तत्त्व लाखो माणसांचे प्राण वाचवणारे ठरले.

पण श्रोतेहो, त्या मुलाचा प्रश्न मात्र यामुळे सुटला नाही. उलट तो अधिक अवघड झाला. जीव जर जीवापासूनच होतो, तर पहिला जीव कशापासून झाला?

आता थोडे मागे जाऊ. १८२८ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश व्होलर या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत एक पांढरा पदार्थ तयार केला. तो पदार्थ आज प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी पोत्याने असतो. होय, युरियाच! तोवर समजूत अशी होती, की युरिया प्राण्यांच्या मूत्रातच सापडतो, तो बनवायला जिवंत शरीरच हवे. व्होलर यांनी तो निर्जीव क्षारापासून बनवला. सजीवांतले पदार्थ आणि निर्जीव पदार्थ यांच्यामध्ये जी भिंत होती असे वाटत होते, तिला तेव्हा पहिले भगदाड पडले.

मग १८७१ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी आपले स्नेही हूकर यांना एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी एक कल्पना मांडली. एखाद्या लहानशा कोमट डबक्यात अमोनिया आणि स्फुरदाचे क्षार असतील, ऊन, उष्णता आणि वीज असेल, तर तिथे प्रथिनासारखा पदार्थ तयार होऊन त्याच्यात पुढे आणखी गुंतागुंत होत गेली असेल काय? आणि मग आज असे होताना का दिसत नाही, याचेही उत्तर त्यांनी दिले. आज असा पदार्थ तयार झाला, तर भोवतालचे सजीव तो तेव्हाच खाऊन टाकतील. पहिल्या जीवाच्या वेळी खाणारे कोणी नव्हते.

या उत्तराने पाश्चर आणि त्यांच्या आधीची जुनी समजूत यांतले भांडण बरेचसे मिटते. जीव मातीपाण्यातून रोज होत नाही, हे पाश्चर यांचे म्हणणे खरे. पण अगदी आरंभी, निराळ्या पृथ्वीवर, फार सावकाश झाला असेल, तर त्याला पाश्चर यांच्या प्रयोगाची आडकाठी नाही.

ही निराळी पृथ्वी कशी होती, याचा विचार विसाव्या शतकात दोघांनी स्वतंत्रपणे केला. रशियात अलेक्सांद्र ओपारिन यांनी १९२४ मध्ये एक पुस्तिका लिहिली, आणि इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२९ मध्ये एक लेख. दोघांच्या मते आरंभीच्या हवेत मोकळा प्राणवायू नव्हता. प्राणवायू आपल्याला जीवनदायी आहे, पण जसा तो लोखंडाला गंज चढवतो तसा असल्या नाजूक पदार्थांचा नाश करतो. तो नव्हता म्हणून हे पदार्थ टिकले, समुद्रात साठत गेले, आणि समुद्र म्हणजे पातळ गरम कढणच झाला, असे हॉल्डेन यांचे चित्र. हे हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात राहायला आले, भारताचे नागरिक झाले, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. ओपारिन आणि हॉल्डेन यांची भेट झाली ती मात्र १९६३ मध्ये, अमेरिकेतल्या एका परिषदेत.

इथवर सगळा तर्क होता. प्रयोग केला तो शिकागो विद्यापीठातल्या स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने, हॅरल्ड युरी यांच्या हाताखाली. काचेचे दोन चंबू नळ्यांनी जोडले. खालच्या चंबूत पाणी, म्हणजे समुद्र. वरच्यात मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन, म्हणजे त्या वेळची हवा. पाणी उकळत ठेवले आणि वरच्या चंबूत विजेच्या ठिणग्या पाडल्या, म्हणजे आकाशातली वीज. एका दिवसात पाणी गुलाबी झाले, आठवड्यात तांबडे गढूळ. तपासले तर त्यात ग्लायसीन, ॲलनीन अशी अमिनो आम्ले! आपल्या डाळीतली, दुधातली, आपल्या अंगातली प्रथिने ज्या मण्यांची माळ असतात, तेच हे मणी. १५ मे १९५३ रोजी हा प्रयोग प्रसिद्ध झाला. मिलर २००७ मध्ये वारले. त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या नंतर नव्या उपकरणांनी तपासल्या, तेव्हा एका प्रयोगाच्या कुप्यांत वीसहून अधिक अमिनो आम्ले सापडली.

आपल्या देशातही हे काम चालू होते. अलाहाबाद विद्यापीठाचे कृष्णबहादुर यांनी १९५४ मध्ये उन्हाच्या साहाय्याने अमिनो आम्ले तयार झाल्याचे प्रसिद्ध केले. पुढे १९६३ च्या सुमारास त्यांनी रासायनिक मिश्रणातून सूक्ष्म गोळे तयार केले आणि त्यांना 'जीवाणु' असे नाव दिले. ते गोळे वाढतात, त्यांना अंकुर फुटतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरोखर सजीव आहेत हे मात्र इतर शास्त्रज्ञांना पटले नाही.

तर मग प्रश्न सुटला का? नाही. मणी मिळाले, पण माळ कशी ओवली गेली? इथे तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण पाण्याची. दोन मणी जोडले जाताना पाण्याचा एक कण बाहेर पडावा लागतो. भोवती पाणीच पाणी असेल तर तो बाहेर पडणार कसा? म्हणजे भर समुद्रात माळ ओवणे कठीण.

दुसरी अडचण कोंबडी आधी की अंडे आधी, या जातीची. शरीराची कामे प्रथिने करतात. ती कशी बनवायची याची टाचणे डी.एन.ए. मध्ये असतात, आणि त्या टाचणाची नक्कल करायला पुन्हा प्रथिनेच लागतात. आधी कोण? या कोड्याची एक किल्ली १९८० नंतर मिळाली. टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवले, की आर.एन.ए. हा पदार्थ टाचणही ठेवतो आणि काही कामेही स्वतः करतो. त्यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथम आर.एन.ए.च असावा, बाकीचे नंतर, असे आज पुष्कळांना वाटते.

तिसरी अडचण स्फुरदाची. आर.एन.ए.चा कणा स्फुरदाने जोडलेला असतो. शेतकरी बंधूंना ही अडचण घरचीच आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत सुपर फॉस्फेट टाकले, की त्यातला बराच स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि पिकाला लागत नाही. आरंभीच्या पाण्यातही हाच घोटाळा. चुना स्फुरदाला धरून तळाशी बसवतो. मग पहिल्या जीवाला तो मिळाला कसा?

आणि इथे, श्रोतेहो, आपण आपल्या विदर्भात येतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. काळ्या खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे गोल विवर, आणि तळाशी खारे पाणी. विष्णूने लवणासुराला इथे मारले अशी कथा आहे, आणि दैत्यसूदनाचे सुंदर देऊळ तिथे उभे आहे. आकाशातून पडलेल्या प्रचंड अशनीच्या आघाताने हे विवर झाले, हे १९७३ मध्ये तिथल्या खडकांतील काचेसारख्या द्रव्यांवरून सिद्ध झाले.

या पाण्याचा खारेपणा समुद्रासारखा नाही. त्यात मिठाबरोबर सोडा आहे. हाताला ते साबणासारखे बुळबुळीत लागते. घरी पापडात आपण जो खार घालतो, त्याच जातीचा हा खार. काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ इथे मिळतात, अशी नोंद अकबराच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी'त आहे. उन्हाळ्यात पाणी आटते, काठावर खाराचे पापुद्रे धरतात. पावसाळ्यात ते पुन्हा विरघळतात.

अशा सोड्याच्या तळ्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष अलीकडे वळले आहे. २०१९ च्या अखेरीस अमेरिकेतले टोनर आणि कॅटलिंग यांनी दाखवले, की अशा तळ्यात सोड्यातला कार्बोनेट चुन्याला आधीच पकडतो, त्याची चुनखडी करून टाकतो, आणि स्फुरद मोकळा राहून पाण्यात साठत जातो. २०२४ मध्ये कॅनडातल्या अशाच एका तळ्याच्या अभ्यासाने याला दुजोरा दिला. शिवाय पाणी आटण्याचा आणि भरण्याचा जो फेरा आहे, तो पहिली अडचणही हलकी करतो. आटताना पाणी निघून जाते आणि मणी जोडले जातात. भरताना नवे मणी येतात. डार्विन यांच्या पत्रातले कोमट डबके आणि त्यातले स्फुरदाचे क्षार आपल्याला इथे पुन्हा भेटतात.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. पहिला जीव लोणारला झाला, असे कोणी म्हणत नाही. जीवसृष्टीच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षे जुन्या खडकांत सापडतात. लोणारचे वय, अगदी जास्तीत जास्त अंदाज धरला, तरी सहा लाख वर्षांच्या आसपास. लोणार त्या मानाने कालचे पोर आहे. पण तशा जातीचे पाणी कसे असते, हे आपल्या मुलांना डोळ्यांनी पाहता येईल अशी जागा आपल्या दारी आहे. जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी झाले. नागपूर खंडपीठापुढे सरोवराचा खटला चालूच होता. पाण्याचे नमुने आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संस्थेकडे गेले. पाणी आटून खार वाढला आणि खारातच वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग आणला, असे आघारकर संस्थेच्या तपासणीत निघाले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळांच्या जागतिक यादीत स्थान मिळाले.

सोड्याचे तळेच खरे, असाही निकाल लागलेला नाही. कोणी म्हणतात, समुद्राच्या तळाशी जिथे गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे आरंभ झाला. कोणी आकाशाकडे बोट दाखवतात. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत अमिनो आम्ले सापडली. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची सुमारे १२१ ग्रॅम माती २०२३ मध्ये यानाने पृथ्वीवर आणली. तिच्यात सजीव वापरतात त्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा मिळाली, आणि आणखी काय मिळाले? वाळलेल्या सोड्याच्या पाण्याचे खार! लोणारच्या काठावरच्या पापुद्र्यांचे नातलग म्हणा ना.

आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांना तर सूक्ष्म जीवच आकाशातून येत असावेत, ही शक्यता तपासून पाहण्यासारखी वाटली. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४० किलोमीटरच्या आसपास उंचीवरची हवा गोळा करण्यात आली. तिच्यात जिवंत जंतू मिळाले, त्यांत तीन नव्या जातीचे होते. पण ते बाहेरूनच आले असे सिद्ध झाले नाही. आणि आले असतील, तरी तिकडे ते कसे झाले, हा प्रश्न राहतोच. डॉ. नारळीकर २०२५ मध्ये गेले.

गुरुजी मंडळींना शेवटी एवढेच सांगायचे आहे. असा मुलगा उद्या तुमच्यापुढे काडेपेटी घेऊन उभा राहिला, तर माझ्यासारखे त्याला वाटेला लावू नका. त्याला सांगा, की कालच्या पावसाने किडे झाले नाहीत, हे आपण प्रयोगाने जाणतो. आणि हेही सांगा, की फार फार पूर्वी, पृथ्वीवर कोणीच जिवंत नव्हते तेव्हा, माती, पाणी, ऊन आणि खार यांच्यातून जीव झाला असावा, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात; पण तसा जीव अजून कोणी चंबूत करून दाखवलेला नाही. मग दोन बाटल्या घ्या, दोन्हींत डाळीचे पाणी उकळा, एकीच्या तोंडाला गरम असतानाच कापसाचा घट्ट बोळा लावा, दुसरी उघडी ठेवा, आणि कोणती आधी नासते ते त्याला रोज पाहून वहीत लिहायला लावा.

माझा तो विद्यार्थी आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. त्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर मी आज आपल्याला दिले आहे.